काचेचे पीठ

आमच्या घरात काच फुटली की आई पहिल्यांदा सगळ्यांना होते तिथेच उभे राहायला सांगत असे. मग ती ओल्या फडक्याने फरशी टिपून घेई, तुकडे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर सुतळी बांधी आणि ते पुडके उकिरड्यावर न टाकता परसातल्या पत्र्याच्या डब्यात ठेवी. उकिरड्यावर कोंबड्या फिरतात, त्यातले खत शेतात जाते आणि शेतात माणूस अनवाणी चालतो, एवढा पुढचा विचार त्यामागे असे. डबा भरला की वडील तो सायकलच्या मागे बांधून कारखान्यात नेत. आम्ही कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला राहत होतो आणि वडील काच कारखान्यात भट्टीखात्यात कामाला होते. घरात जिची एवढी धास्ती, ती फुटकी काच त्यांच्या दृष्टीने माल होता. वाळू, सोडा आणि चुनखडी यांच्या मिश्रणात फुटकी काच घातली की मिश्रण लवकर वितळते आणि भट्टीचे जळण वाचते. वडील म्हणत, "दुधाला विरजण, तशी भट्टीला फुटकी काच." पुढे मी अभियांत्रिकी शिकलो तेव्हा या वाक्यामागचा हिशेब मला पुस्तकात सापडला. मिश्रणात दर दहा टक्के फुटकी काच वाढली की भट्टीची ऊर्जा साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी कमी लागते.

महाराष्ट्राला काचेचा व्यवसाय काही नवा नाही. लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला आणि १९१६ साली ओगले बंधूंनी आमच्या गावाला त्यांचे नाव देणारा कारखाना काढला. त्याचा प्रभाकर कंदील वीज पोहोचण्याआधी कितीतरी घरांत जळत होता. मी ज्या कंदिलाच्या उजेडात पाढे पाठ केले, त्याची काच आमच्याच गावची होती, या गोष्टीचा अभिमान मला आजही वाटतो. कारखाना बंद पडला आणि गावातल्या फुटक्या काचेला जायला जागा उरली नाही. आईने डबा भरणे मात्र थांबवले नाही. तो भरला की कुठे रिकामा करायचा, हा प्रश्न तिच्या शेवटच्या वर्षांपर्यंत आमच्या घरात तसाच राहिला, आणि मी या विषयाकडे वळलो त्याचे एक कारण तो डबा आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अख्खी बाटली कोणीही घेतो. भंगारवाला तिचे पैसे देतो आणि धुऊन-पुसून ती पुन्हा भरली जाते. फुटलेल्या बाटलीची गोष्ट निराळी. ती जड असते, स्वस्त असते आणि हात कापते. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली तेव्हा तिचे नाव ठेवले गेले 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्या नावाच्या मधोमध काच आहे, आणि जिने ती वेचली तिच्या बोटांवरच्या खुणाही त्या शब्दात आहेत, असे मला ते नाव वाचताना नेहमी जाणवते. त्यात रंगांची अडचण वेगळीच. हिरव्या काचेत क्रोमियम असते, तपकिरीत लोह आणि गंधक. एकदा तिन्ही रंगांचा चुरा एकत्र झाला की त्यातून पुन्हा स्वच्छ पांढरी बाटली होत नाही. अशी काच मग ओढ्याच्या काठाला, डंपिंगच्या ढिगात, रस्त्याकडेच्या चरात पडून राहते आणि ती कुजत नाही, गंजत नाही, विरघळत नाही. आमच्या ओढ्याच्या काठी आजही जुन्या काचेचे तुकडे सापडतात आणि धारेने गोल झालेल्या कडा सोडल्या तर ते जसेच्या तसे आहेत.

आता सिमेंटकडे वळतो, कारण माझी तीसहून अधिक वर्षे काँक्रीट शिकवण्यात गेली. चुनखडी भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. हा वायू जळणाचा नव्हे. जळण कितीही स्वच्छ वापरले तरी तो निघणारच, कारण तो दगडातच बांधलेला आहे. त्यावर सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमानापर्यंत भट्टी तापवण्याचे जळण वेगळे. जगभरात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा धरला जातो. आपला पश्चिम महाराष्ट्र काळ्या पाषाणाचा. खडीला अव्वल, पण सिमेंटयोग्य चुनखडी इथे नाही. ती चंद्रपूर-यवतमाळकडे आहे, किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात वाडीच्या परिसरात. म्हणजे कऱ्हाडच्या घराच्या स्लॅबमध्ये जाणारी गोणी शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येते, आणि तिच्यातला थोडा भाग जरी गावातल्याच एखाद्या टाकाऊ वस्तूने भागला तरी तेवढा प्रवास वाचतो. सिमेंटच्या जागी काच, ही कल्पना इथून सुरू होते.

कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. स्थापत्यशाखेच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा हा आवडता प्रकल्प आहे. पाच, दहा, पंधरा, वीस टक्के सिमेंट काढायचे, तेवढी काचेची पूड घालायची, क्यूब म्हणजे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे भरायचे, ताकद पाहायला ते यंत्राखाली फोडायचे आणि आलेख काढायचा. असे कितीतरी अहवाल मी तपासले आणि त्यांतल्या बहुतेकांत एक गोष्ट लिहिलेलीच नसे, ती म्हणजे पूड किती बारीक होती. टक्केवारी दोन दशांशांपर्यंत दिलेली आणि बारीकपणाबद्दल फक्त 'काच दळून घेतली' एवढेच. काँक्रीटच्या दृष्टीने सगळा विषय त्या न लिहिलेल्या आकड्यात आहे, हे मला त्या मुलांना पटवून द्यायला वेळ लागला, आणि पटवण्याआधी मला स्वतःला ते पाहावे लागले.

पहिल्या वर्षी आम्ही काच घणाने फोडली, चाळली आणि साधारण एक-दोन मिलिमीटरचे दाणे वाळूच्या जागी घातले. दिसायला फार सुंदर. हिरवे, तपकिरी, पांढरे दाणे असलेला तो चुरा पाहून मुले खूश झाली. त्याच्या आम्ही २५ मिलिमीटर चौकोनी आणि २८५ मिलिमीटर लांबीच्या पट्ट्या ओतल्या आणि त्या ८० अंशांच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात १४ दिवस बुडवून ठेवल्या. काँक्रीटमध्ये अनेक वर्षांनी जे घडेल, ते लवकर दाखवणारी ही चाचणी आहे. १४ दिवसांत पट्टीची वाढ ०.१० टक्क्याच्या आत असली तर सहसा चिंता नसते आणि ०.२० टक्क्याच्या वर गेली तर तो माल धोक्याचा समजतात. आमच्या पट्ट्या त्या रेषेच्या बऱ्याच वर गेल्या. एक तर इतकी वाकली की मोजमापाच्या चौकटीत नीट बसेना. पृष्ठभागावर बारीक भेगांची जाळी उमटली होती आणि काही ठिकाणी त्या भेगांतून पांढरट, चिकट द्रव बाहेर आला होता. प्रयोगशाळेतले मामा पट्टी हातात घेऊन म्हणाले, "सर, हिला तर घाम फुटलाय." तेवढे नेमके वर्णन मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

त्या घामाचा शोध १९४० साली लागला. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यातले अभियंता थॉमस स्टँटन यांनी दाखवून दिले की सिमेंटमधले अल्कली, म्हणजे सोड्यासारखे क्षार, आणि काही विशिष्ट दगडांतली सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, यांच्यात काँक्रीटच्या आतच रासायनिक क्रिया होते. तिच्यातून तयार होणारी जेल पाणी पिऊन फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. तोपर्यंत खडी ही निष्क्रिय वस्तू आहे, ती फक्त जागा भरते, असे सगळे मानत आले होते. पुढे ही क्रिया जगभरच्या पुलांत, रस्त्यांत, धरणांत सापडली. आपल्याकडे ओडिशातल्या हिराकूड धरणातही ती आढळली. काच ही तर या क्रियेसाठी जणू तयारच असते. बाटलीच्या काचेत सुमारे ७० टक्के सिलिका असते आणि ती स्फटिकासारखी रांगेत बसलेली नसते. वितळलेल्या अवस्थेतून झटकन थंड झाल्यामुळे ती अस्ताव्यस्त गोठलेली असते आणि म्हणून अल्कलीला सहज हाती लागते. त्यावर आणखी १३ टक्क्यांच्या आसपास सोडा, म्हणजे अल्कलीही घरचीच. या क्रियेला आळा घालणारे पदार्थ तपासायचे असतात, तेव्हा मुद्दाम नुकसान घडवणारा दाणा म्हणून प्रयोगशाळेत पायरेक्सच्या काचेचाच चुरा वापरण्याची अमेरिकन मानकाची पद्धत आहे. काँक्रीटला सर्वांत हमखास फोडणारी वस्तू कोणती, तर काच. ती आम्ही हौसेने त्यात घातली होती.

तिथेच विषय सोडून दिला असता तर माझ्या दृष्टीने तो संपला असता. परंतु वाचनात वारंवार एक गोष्ट येत होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ख्रिश्चन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात वेगवेगळ्या आकाराच्या काचेचे दाणे तपासले, तेव्हा त्यांना दिसले की दाणा बारीक होत जातो तसे नुकसान एका मर्यादेपर्यंत वाढते आणि त्यानंतर उतरू लागते. साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा दाणा सर्वांत वाईट. त्याहून बराच बारीक केला की तीच काच निरुपद्रवी होते, आणि पिठासारखी केली की उपकारक होते. वस्तू तीच, रासायनिक घटक तेच, आणि आकार बदलल्यावर वागणूक उलट. हे वाचून माझा विश्वास बसला नव्हता, हे मी कबूल करतो. रसायनशास्त्र मला इतके सरळ शिकवले गेले होते की आकारावरून स्वभाव ठरतो, ही गोष्ट मला पचत नव्हती.

मग आम्ही खनिज प्रयोगशाळेतली जुनी बॉल मिल मागून घेतली. लोखंडी पिंप, आत पोलादी गोळे, आणि पिंप फिरू लागले की त्या गोळ्यांचा असा आवाज होई की शेजारच्या वर्गातले शिक्षक दार लावून घेत. काच आधी गरम पाण्यात भिजवून लेबले आणि डिंक काढले, धुतली, उन्हात वाळवली, घणाने फोडली आणि मिलमध्ये घातली. पहिल्या तासाला निघालेला माल रव्यासारखा होता. दोन तासांनी तो भरड पिठासारखा झाला. त्यानंतर वेळ वाढत गेला तरी फरक कमी कमी दिसू लागला, आणि ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून सगळा माल जाईपर्यंत दिवस गेला. ७५ मायक्रॉन म्हणजे साधारण माणसाच्या केसाची जाडी. त्याखालीही जायला हवे होते, म्हणून पुढच्या खेपेला आम्ही ४५ मायक्रॉनच्या चाळणीपर्यंत गेलो. नाकाला रुमाल न बांधता कोणालाही चाळणीजवळ उभे राहू द्यायचे नाही, हा नियम मी तेव्हा घातला आणि शेवटपर्यंत मोडू दिला नाही. काचेची धूळ खाणीतल्या स्फटिकी धुळीइतकी घातक मानली जात नाही, तरी फुप्फुसात जाण्याची ती वस्तू नव्हे.

शेवटी जे हाती आले ते अगदी पांढरे, मऊ, किंचित करकरीत पीठ होते. हिरव्या बाटलीचे पीठही जवळजवळ पांढरेच निघते. मी ते चिमटीत धरले, बोटांत चोळले आणि माझी बोटे कापली नाहीत. आईची आठवण आली. तिने जी वस्तू आयुष्यभर वर्तमानपत्रात गुंडाळली, ती माझ्या तळहातावर पिठीसारखी पडली होती.

ते पीठ सिमेंटच्या जागी घातलेल्या पट्ट्या आम्ही त्याच गरम द्रावणात त्याच १४ दिवसांसाठी ठेवल्या आणि त्या जवळपास सरळ राहिल्या. शिवाय भरड काचेबरोबर हे पीठ घातले तर भरड काचेमुळे होणारी वाढही कमी झाली. कारण समजून घ्यायला सिमेंटच्या पोटात जावे लागते. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, जे खरे बांधून धरते, आणि दुसरी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरलेला चुना, ज्याला फारशी ताकद नाही आणि पाण्याने जो हळूहळू धुऊन निघतो. काचेचे अत्यंत बारीक कण या चुन्यात चहूबाजूंनी बुडलेले असतात. त्यांची सिलिका भोवतालच्या भरपूर चुन्याशी संयोग पावते आणि तेच बांधून धरणारे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट जास्तीचे तयार होते. ते फुगत नाही. जाड दाण्यात मात्र फोडताना पडलेल्या बारीक चिरा असतात, त्यांत अल्कली आत शिरते, चुना तिथवर पुरेसा पोहोचत नाही आणि दाण्याच्या पोटातच फुगणारी जेल साठते. बारीक कणाला पोटच नसते. एवढाच फरक, आणि त्या फरकासाठी एक पूर्ण दिवस मिल फिरवावी लागते.

त्या सुमारास महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीच्या डागडुजीला एक वयस्क मिस्त्री येत. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू. चुन्याचे काम येणारी त्या भागातली ती शेवटची पिढी. त्यांना मी काचेचे पीठ दाखवले आणि काय करतो आहोत ते सांगितले. त्यांनी ते अंगठ्याने चोळले, जिभेच्या टोकाला लावून पाहिले आणि म्हणाले, "ही तर सुरखीच झाली की सर, पांढरी सुरखी." मी चकित झालो, कारण रसायनशास्त्राच्या भाषेत ते शंभर टक्के बरोबर होते. भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुरखी. ती चुन्यात कालवली की चुना पाण्याखालीही घट्ट होतो. किल्ल्यांवर आजही जागोजाग चुन्याच्या घाण्या दिसतात. दगडी गोल चर आणि त्यात पडलेले दगडी चाक. बैल फिरत राहायचे आणि चुना घोटला जायचा. किती वेळ, असे तात्यांना विचारले तर ते म्हणाले, घाई करणाऱ्याचा चुना भिंतीवर टिकत नाही. इटलीत नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावाची ज्वालामुखीची राख रोमन लोक चुन्यात घालत असत, आणि त्या गावावरूनच अशा सगळ्या पदार्थांना पोझोलाना हे नाव पडले. राख, सुरखी, दगडी कोळशाची फ्लाय अ‍ॅश आणि काच यांचे घराणे एकच. सिलिका हवी, ती अस्ताव्यस्त गोठलेली हवी आणि ती बारीक हवी.

मात्र या घराण्याचा एक स्वभाव आहे, ज्याच्याशी आपल्या बांधकामाच्या पद्धतीचे जमत नाही. ही क्रिया सावकाश होते. आधी सिमेंटने चुना तयार करायचा, मग काचेने तो वापरायचा. आमचे १५० मिलिमीटरचे क्यूब सात दिवसांनी यंत्राखाली ठेवले तेव्हा वीस टक्के काचेचा क्यूब साध्या क्यूबपेक्षा स्पष्टपणे लवकर फुटला. मुलांचे चेहरे उतरले. २८ दिवसांना अंतर कमी झाले, पण संपले नाही. बहुतेक अहवाल इथेच थांबतात, कारण सत्र संपते. आम्ही ९० दिवस थांबलो. परीक्षा होऊन गेल्या होत्या, दोनच मुले मुद्दाम गावाहून आली होती. मामांनी टाकीतून क्यूब काढले, पुसले, यंत्रात ठेवले आणि काटा वर चढू लागला. साधा क्यूब जिथे फुटला होता तो आकडा काट्याने गाठला, आणि तरी आवाज आला नाही. आणखी थोडा पुढे जाऊन तो फुटला, आणि फुटला तोही चारही बाजूंनी सारखा, वर-खाली दोन निमुळते शंकू शिल्लक ठेवून, जसा चांगला क्यूब फुटतो तसा. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती दोघे खाली वाकून त्या तुकड्यांत काच कुठे दिसते का ते शोधत होती आणि ती कुठेच दिसत नव्हती.

या ९० दिवसांत क्यूब पाण्याखाली होते, हे विसरून चालणार नाही. पाणी नसेल तर ही क्रिया थांबते. काँक्रीटचे आपले मुख्य मानक, आयएस ४५६, साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखी पूड घातलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारायला सांगते. प्रत्यक्ष कामावर काय होते ते मी आयुष्यभर पाहिले आहे. पहिल्या दिवशी गोणपाट, दुसऱ्या दिवशी पाइप, तिसऱ्या दिवशी मुकादम दुसऱ्या साइटवर. काचेचे काँक्रीट अशा हातांत दिले तर ते कमजोरच निघेल आणि दोष काचेवर जाईल. म्हणून मी आजही कोणा ठेकेदाराला, घराच्या स्लॅबमध्ये वा कॉलममध्ये हे घाला, असे सांगत नाही. त्याच मानकात फ्लाय अ‍ॅश, सिलिका फ्यूम, भाताच्या तुसाची राख, मेटाकाओलिन आणि लोखंडाच्या भट्टीची मळी यांना जागा आहे. काचेला त्या यादीत जागा नाही. अमेरिकेत काचेच्या पुडीसाठी स्वतंत्र मानक २०२० साली निघाले, तेही कित्येक वर्षांच्या प्रयोगांनंतर.

चुका आमच्या हातूनही झाल्या आणि त्या सांगायला हव्यात, कारण पुढे हे काम करणाऱ्याचा वेळ वाचेल. एकदा घाईत न धुतलेल्या सरबताच्या आणि रमच्या बाटल्या मिलमध्ये गेल्या. त्या मालाचे क्यूब दुसऱ्या दिवशी साच्यातून काढायला गेलो तर ते नखाने कोरता येत होते. साखरेचा अंश सिमेंटचे घट्ट होणे रोखून धरतो, हे मी वर्गात शिकवत होतो आणि तरी माझ्याच प्रयोगशाळेत ते घडले. दुसऱ्यांदा बाटल्यांच्या मानेवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणांचे कडे काढायचे राहिले. ओला माल साच्यात फुगला आणि वर बुडबुडे आले. अ‍ॅल्युमिनियम सिमेंटच्या अल्कलीत हायड्रोजन सोडते. हलके ब्लॉक मुद्दाम याच युक्तीने फुगवतात, पण आम्हाला ते नको होते. ट्यूबलाइट, जुन्या टीव्हीच्या काचा आणि औषधांच्या बाटल्या आम्ही पहिल्यापासूनच बाजूला ठेवल्या. पहिलीत पारा, दुसरीत शिसे, आणि तिसऱ्यांत काय असेल ते कोणी सांगावे.

हे सगळे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले ते कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने, आणि तिथली कथा मला फार शिकवून गेली. तिथे वाइनची विक्री सरकारी महामंडळामार्फत चालते आणि वाइनच्या बाटलीवर ठेव ठेवून ती परत घेण्याची पद्धत दीर्घकाळ नव्हती. बाटल्या घरोघरच्या कचऱ्यात इतर सुक्या वस्तूंबरोबर जात, गाडीतच फुटत आणि रंग मिसळत. त्या महामंडळाने २००४ साली शेरब्रूक विद्यापीठात या मिश्र काचेचे काय करता येईल यासाठी एक अध्यासनच सुरू केले, आणि अरेझ्की ताग्नी-आमू यांनी ते वर्षानुवर्षे चालवले. आधी दुकानांच्या फरशा, पदपथ आणि मग पूल. माँट्रियालमध्ये इल दे सर या बेटावर २०२१ साली पूर्ण झालेल्या डार्विन पुलांमध्ये दहा टक्के सिमेंटच्या जागी काचेची पूड आहे आणि तिच्यात सुमारे ७०,००० वाइनच्या बाटल्या गेल्या. ज्या देशात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि काँक्रीट गोठते-वितळते, तिथे हे उभे आहे. अध्यासन ते पूल यांत सतरा वर्षे गेली, हा आकडा मी मुलांना आवर्जून सांगत असे.

आपली परिस्थिती तशी नाही आणि तिथली युक्ती जशीच्या तशी उचलावी असे माझे म्हणणे नाही. एक तर परळी, एकलहरे, भुसावळ, कोराडी, चंद्रपूर इथल्या औष्णिक केंद्रांमुळे आपल्याकडे फ्लाय अ‍ॅशचे डोंगर आहेत आणि ती आधीच बारीक असते, तिला दळावे लागत नाही. निव्वळ पैशाचा हिशेब केला तर काच दळणारा तोट्यात जाईल. दुसरे म्हणजे आपल्याकडे बाटली परत जाण्याची साखळी अजून जिवंत आहे, आणि ती माणसांच्या पोटाची साखळी आहे. जी बाटली धुऊन पुन्हा भरता येते ती दळणे हा अपराध आहे. जी वितळवून पुन्हा काच होते तिला भट्टीत जाऊ द्यावे, कारण माझ्या वडिलांचे विरजण तेच होते. उरते ती फुटकी, रंगांनी मिसळलेली, कोणीही न घेणारी काच. तेवढ्याच काचेवर काँक्रीटचा हक्क आहे, असे माझे मत आहे, आणि वेचणाऱ्या बाईला त्या काचेचा किलोमागे भाव मिळाल्याशिवाय हा उद्योग सुरू होऊ नये, असेही. भाव असेल तर ती फुटकी काच ओढ्यात राहणार नाही. हातमोजे आणि वेगळे पिंप हा खर्च त्या भावाच्या वरचा, नगरपालिकेने सोसायचा.

आणि सुरुवात जिथे माणसाचा जीव टांगणीला नाही अशा कामांत व्हावी. पदपथाचे ब्लॉक, गटाराची झाकणे, बागेतली बाके, शाळेच्या पटांगणाभोवतीचे कठडे. हा माल कारखान्यात ओततात, तिथे पाण्याच्या टाक्या असतात, माणूस लक्ष ठेवायला असतो आणि ब्लॉक महिना-दोन महिने अंगणात पडून राहिला तर कोणाचे काही अडत नाही. काचेला हवा असलेला वेळ या एका मालात आपोआप मिळतो. तालुक्याच्या गावाला एक मिल, एक चाळण आणि ब्लॉक ओतणारा एक लहान कारखाना एवढे पुरेल, पण चाळण हवीच. बारीकपणा न मोजता घातलेली काच म्हणजे माझ्या वाकलेल्या पट्ट्या.

निवृत्त व्हायच्या वर्षी मुलांनी शिल्लक राहिलेल्या पिठाचे साठ ब्लॉक ओतले आणि ते ९० दिवस पाण्यात ठेवून मला दिले. त्यांतली बरीचशी काच ओगलेवाडीच्या ओढ्याकाठची आणि आईच्या डब्यातली होती. फाटकापासून पायरीपर्यंत ते मी स्वतः बसवले. नेहमीच्या ब्लॉकांपेक्षा रंग जरा उजळ आहे. दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, मी खाली बसून भिंग आणि पट्टी घेऊन कडांवरून भेगा शोधतो, दोन टोकांच्या खिळ्यांमधले अंतर मोजतो आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवतो. फाटकाजवळच्या तिसऱ्या ओळीतल्या एका ब्लॉकचा कोपरा ट्रॅक्टरच्या चाकाने उडाला आहे. बाकीचे एकोणसाठ यंदाही होते तेवढ्याच लांबीचे भरले.